लघवी दाबून ठेवायची नाही!

(बजाजनगर येथे कामगार महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो,

आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत खुसखुस झाली. हसा, हरकत नाही. मीही पूर्वी हसलेच असते. ‘लघवी’ हा शब्द चारचौघांत उच्चारायची आपल्याला सवय नाही. आपण ‘जाऊन येते’ म्हणतो, नाहीतर करंगळी दाखवतो. पण ज्याचं नाव घ्यायचीच लाज, ते मागणार कसं?

आधी माझंच सांगते. लग्न होऊन मी जालना जिल्ह्यातून इथे आले. वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला, मग आजूबाजूला सुटे भाग करणाऱ्या लहानमोठ्या शेड उभ्या राहिल्या. अशाच एका लहान शेडमध्ये मी पॅकिंगला लागले. आम्ही बायका अठरा आणि संडास एक. तोही पुरुषांच्या मशीनसमोरून जायचा, त्याची आतली कडी तुटलेली. उठलं की सुपरवायझर घड्याळाकडे बघायचा. मी युक्ती काढली, पाणीच प्यायचं नाही! सकाळी खोलीवरून जाऊन यायचं, ते थेट संध्याकाळी परतल्यावर. खोलीवरही चार बिऱ्हाडांत एकच संडास.

मग उन्हाळी लागायला लागली. सासूबाई म्हणाल्या, अंगात उष्णता आहे, धनेजिऱ्याचं पाणी पी. दोन दिवस बरं वाटायचं, परत तेच. तिसऱ्या वेळी हुडहुडी भरून ताप आला, उलट्या झाल्या, पाठीत एका बाजूला कळा. डॉक्टर म्हणाल्या, जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेत. आठ दिवसांची रोजी बुडाली. त्यांनी विचारलं, ‘‘दिवसभरात पाणी किती पिता?’’ तोवर हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी आपल्या अंगालाच दोष देत होते. दोष अंगाचा नव्हता, तुटलेल्या कडीचा होता.

हे का होतं ते समजून घेऊ. लघवीच्या पिशवीत साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते. ती अर्धीअधिक भरली की आपल्याला सूचना मिळते. पुरुषाचा लघवीचा मार्ग सुमारे 20 सेंटिमीटर, आपला जेमतेम 4. शिवाय तो शौचाच्या जागेपासून जवळ. त्यामुळे आतड्यातले जंतू सहज वर चढतात. वेळच्या वेळी लघवी झाली की ते धुऊन निघतात. पाणी कमी प्यायलो, वर लघवी दाबून ठेवली, की त्यांना वाढायला वेळ मिळतो.

तेव्हा पाणी प्या. दिवसाला साधारण दोन-अडीच लिटर, उन्हात किंवा भट्टीजवळ काम असेल तर जास्त. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढंच. लघवी फिकट पिवळी असली की समजायचं, पाणी पुरतंय. दर तीन-चार तासांनी जाऊन यावं. पण लागली नसताना ‘असू दे, जाऊन येते’ असं अर्ध्या अर्ध्या तासानं जाऊ नये, पिशवीला तीच सवय लागते. बसताना नीट बसा. अधांतरी राहून, जोर करून, घाईनं उरकू नका, लघवी पूर्ण होऊ द्या. धुताना हात पुढून मागे न्या. आतल्या जागेला साबण किंवा जंतुनाशक लावू नका. संबंधानंतर लघवी करून या. पाळीत कापड असो की पॅड, चार-सहा तासांनी बदला. शौचाला खडा होत असेल तर त्याकडेही बघा, त्याचा पिशवीवर दाब येतो.

खोकताना, शिंकताना, वजन उचलताना थेंब थेंब लघवी होते, हे कितीजणी लपवतात! बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात म्हणून हे होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लघवी रोखताना आपण जे स्नायू आवळतो, तेच पाच अंक मोजेपर्यंत आवळायचे, मग तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. तीन महिने नेमानं केलं तर बऱ्याचजणींना फरक पडतो.

जळजळ थांबत नसेल, लघवीत रक्त दिसलं, ताप आला, पाठ दुखली, तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. गर्भार बाईनं तर साध्या जळजळीलाही लगेच दवाखाना गाठावा. गोळ्या दिल्या तितक्या पूर्ण घ्या. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. पुन्हा पुन्हा त्रास होत असेल तर साखर तपासून घ्या.

पण मैत्रिणींनो, जायला जागाच नसेल तर या सवयी पाळायच्या कुठे? मुंबईत 2011 साली ‘राईट टू पी’ मोहीम उभी राहिली. पुरुषांना मुताऱ्या फुकट आणि बायकांकडून पैसे, हा कुठला न्याय, असं त्यांनी विचारलं. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकानं हा प्रश्न उच्च न्यायालयात नेला आणि डिसेंबर 2015 मध्ये न्यायालयानं महापालिकांना बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं. कारखान्याबद्दल तर 1948 च्या कायद्यातच लिहिलं होतं की स्त्रियांसाठी वेगळी, आणि कामावर असेपर्यंत केव्हाही जाता येईल अशी सोय हवी. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जागी नवी संहिता आली. तीतही स्त्रियांसाठी वेगळी, पुरेशी सोय करणं मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही.

आमच्या शेडमध्ये मी एकटी बोलायला गेले तेव्हा मालक हसला. पुढे आम्ही अकराजणी गेलो, तर दुसऱ्या दिवशी कडी बसली. वेगळ्या संडासाला वर्ष लागलं, पण झाला.

आज घरी जाताना एवढंच काम घेऊन जा. उद्या आपल्या कामाच्या जागी बघा : बायका किती, संडास किती, कडी आहे का, दिवा, पाणी, कचऱ्याची टोपली आहे का. कागदावर लिहून पुढच्या बैठकीला आणा. आणि उद्या पाण्याची बाटली भरून न्या. ती रिकामी करूनच परत या.