रमजान, ऋतू आणि आमच्या घरातल्या सुट्ट्या
(संस्थेच्या वार्षिक पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



मला जो विषय दिला गेला तो असा : 'बालपणीच्या सुट्ट्या आणि बदलते ऋतू'. विषय हातात पडला तेव्हा शिक्षकांच्या खोलीत थोडी थट्टा झाली. एक सहकारी म्हणाले, "सोलापूरच्या माणसाला ऋतू कसले? ऊन, कडक ऊन आणि गड्ड्याची थंडी, संपले तीन ऋतू!" थट्टा सोडली तरी त्यात तथ्य आहे. आपल्या जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला मोठा वाटा परतीच्या वेळी, सप्टेंबरात. कोकणातल्या लेखकाला पावसावर जेवढे लिहिता येते तेवढे आपल्याला लिहिता येणार नाही. पण एक गोष्ट आपल्या घरांत अशी आहे की जी कोकणातल्या घरांत, पुण्या-मुंबईच्या घरांतही, तेवढ्याच प्रमाणात आहे, आणि तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आपल्या घरांत दोन कॅलेंडरे चालतात. एक शाळेचे, आणि दुसरे चंद्राचे. शाळेची सुट्टी जागच्या जागी उभी असते. आपले सण मात्र तिच्याभोवती फिरत राहतात.

विद्यार्थी मित्रांनो, हिशेब सोपा आहे. एका चंद्रदर्शनापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवस कमी पडतात आणि रमजान तेवढा मागे सरकतो. आपल्या शेजाऱ्यांचे पंचांगही चांद्रच, पण ते सुमारे तीन वर्षांनी एक अधिक महिना घालून हिशेब सूर्याशी जुळवून घेतात. म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. हिजरी सनात अधिक महिना नाही. म्हणून रमजान थंडीत येतो, पावसात येतो, रणरणत्या मे महिन्यातही येतो, आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी पुन्हा पहिल्या ठिकाणी येऊन पोचतो. मी पस्तिशी ओलांडली आहे, म्हणजे एक फेरा मी पाहिला. माझ्या दादीने तीन वेळा मे महिन्यातला रमजान पाहिला.

दादीची गोष्ट सांगतो. तिला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नव्हती. रेशनकार्डावर एक वर्ष, मतदार यादीत दुसरेच. पण पहिला रोजा तिला पक्का आठवत होता : वय नऊ, घरात आंबे पिकायला घातलेले, आणि त्या वासाने झालेली तिची घालमेल. पोलिस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षे झाली होती, असेही ती सांगे. पोलिस ॲक्शन सप्टेंबर १९४८ची. त्यानंतर चार-पाच वर्षांनी मे महिन्यात रमजान केव्हा होता? १९५३ साली. म्हणजे दादीचा जन्म १९४४च्या सुमाराचा. बी.एड.ला आम्हाला स्थानिक इतिहासाची साधने शिकवली होती, त्यात हे साधन नव्हते! पुढे १९८६च्या मेमध्ये तिने घरादाराचे रोजे सांभाळले आणि २०१९च्या मेमध्ये, थकलेल्या शरीराने, नातवंडांचे. त्या वर्षी नळाला पाणी काही दिवसांआड येत होते. इफ्तारचा माठ भरलेला राहावा म्हणून ती आम्हाला दुपारी तोंड धुण्यावरूनसुद्धा बोलत असे.

माझ्या स्वतःच्या बालपणी मात्र रमजान थंडीत आला, आणि सोलापूरच्या थंडीत आला याचा अर्थ तो गड्ड्यात आला. १९९७, ९८ आणि ९९ अशी लागोपाठ तीन वर्षे सिद्धेश्वर यात्रा रमजानच्या महिन्यात पडली. गावातून सात नंदीध्वजांची मिरवणूक जाई आणि आम्ही पोरे रोजा आहे की नाही हे विसरून रस्त्याच्या कडेला उभे राहत असू. १९९९ साली तर ईद जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात आली, होम मैदानावर यात्रा भर रंगात असताना. ईदीचे पैसे खिशात आणि समोर पाळणा, मौतका कुआँ, आरसेमहाल! दुपारी शीरखुर्मा पिऊन गेलेले आम्ही अंधार पडल्यावर रिकाम्या खिशाने परतलो. त्याआधी आणि त्यानंतर इतकी सोयीची ईद मला मिळालेली नाही. पुढे २०००मध्ये एकाच इंग्रजी वर्षात दोन रमजान ईद आल्या, एक जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, दुसरी डिसेंबरच्या अखेरीस. अब्बा हसत म्हणाले होते, की कपडे मात्र एकदाच होतील.

आणि शीरखुर्म्याच्या शेवया? त्या उन्हाळ्यातल्या. ईद कोणत्याही महिन्यात असो, शेवया मात्र एप्रिल-मेच्या उन्हातच व्हायच्या. खाटेला यंत्र आवळायचे, एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने खालून लांब धार अलगद उचलून काठीवर टाकायची, आणि गच्चीवर पांढरे पडदे वाळत घालायचे. कावळे हाकलण्याचे काम आम्हा मुलांकडे. वाळलेल्या शेवया बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद होत आणि डिसेंबरात ईदच्या पहाटे तो डबा उघडला की त्यातून मे महिन्याचा वास येई. आता शेवया दुकानातून येतात. चांगल्या असतात, माझी तक्रार नाही. पण विजापूर वेशीतल्या मीना बाजारातून पाकीट आणणाऱ्या मुलाला हे ठाऊक नसते की शेवयांनाही एक ऋतू असतो.

मामूच्या गावाला जाणे हे सर्वच मुलांच्या सुट्टीत असते, त्यामुळे ते थोडक्यात सांगतो. माझे आजोळ विजापूर, ज्याचे सरकारी नाव २०१४पासून विजयपुरा झाले. त्या वेळी होटगीवरून मीटरगेजची गाडी जात असे, अरुंद डबे आणि लाकडी बाके. भीमेचा पूल आला की अम्मी खिडकीतून नाणे टाकायला लावी. इंडीला लिंबांच्या टोपल्या डब्यात चढत आणि पुढचा प्रवास त्या वासात होई. सोलापुरात घरी दखनी, गल्लीत तेलुगू आणि शाळेत मराठी. विजापुरात गेलो की नानीच्या अंगणात कन्नड. गोल घुमटाच्या सज्जात उभे राहून मामूने या चारही भाषांत आमची नावे पुकारली होती आणि घुमटाने ती सगळ्या भाषांत सारखीच परत दिली. आमच्या मामूला एवढ्याशा गोष्टीचे फार कौतुक!

दहावीच्या आसपासच्या वर्षांत आणखी एक मौज झाली. २००४, २००५ आणि २००६ अशी तीन वर्षे दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या. शाळेला एकच सुट्टी आणि तीत दोन्ही सण. आमच्या गल्लीतले पद्मशाली शेजारी चकल्यांचे ताट पाठवीत आणि दादी त्याच ताटात शीरखुर्म्याची वाटी ठेवून ताट परत करी, कारण तिच्या मते रिकामे ताट परत देणे हा असभ्यपणा. तो योग आता पुन्हा यायला वेळ आहे.

आता मी ज्या गोष्टीसाठी एवढा वेळ घेतला तिच्याकडे येतो. पालकांनी कृपया लक्ष द्यावे.

चंद्राचे कॅलेंडर फिरत फिरत दर फेऱ्यात एकदा शाळेच्या कॅलेंडराच्या अवघड जागी येऊन थांबते. २०२४ साली दहावीची परीक्षा मार्चमध्ये चालू असताना रमजान सुरू झाला. २०२५मध्ये परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू होऊन १७ मार्चला संपली आणि रमजान २ मार्चला लागला. २०२६च्या रमजानची सुरुवातही फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. या वर्षांत अनेक पालक मला विचारतात, "सर, असे पूर्वी कधी झाले होते का?" झाले होते. आमच्याच घरात झाले होते.

१९९३ साली माझी धाकटी फुफी दहावीला होती. ज्या वर्षी सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, तेच वर्ष. रमजान फेब्रुवारीच्या अखेरीस लागला आणि परीक्षा मार्चमध्ये. आमच्या घरात त्या वेळी यंत्रमागासाठी कांड्या भरण्याचे काम येत असे आणि त्यावर घरखर्चाचा बराच भाग चाले. दादा जुन्या मिलमधले, १८७७ साली सुरू झालेल्या त्या गिरणीतले कामगार. गिरणी बंद पडल्यावर त्यांना पुन्हा तसे काम मिळाले नाही. अशा घरात दादीने महिनाभर फुफीला कांड्यांच्या कामातून मोकळे केले. तिच्या वाटणीच्या कांड्या दादी रात्री तरावीहच्या वेळानंतर भरत बसे. सहरीला ज्वारीची कडक भाकरी, दही आणि शेंगांची चटणी. फजरनंतर फुफीने झोपायचे नाही, दोन तास अभ्यास करायचा. डोके त्या वेळी ताजे असते. पेपरहून आल्यावर मात्र अस्रपर्यंत झोपायचे आणि त्या वेळेत घरात कोणी भांडेसुद्धा वाजवायचे नाही. मी तेव्हा चार वर्षांचा होतो. मला त्या रमजानचे एवढेच आठवते की दुपारी आम्हाला घराबाहेर काढले जाई.

रोजा ठेवावा की नाही, यावर मी इथे बोलणार नाही. तो प्रश्न घरातले वडीलधारे आणि तुमचे आलिम यांचा आहे. मी शिक्षक म्हणून फक्त वेळापत्रकाचे सांगतो, आणि माझ्या अनुभवात दादीच्या त्या वेळापत्रकाहून चांगले वेळापत्रक मी पाहिलेले नाही. एक सोयीची गोष्ट अशी की मार्चमधला रोजा जूनमधल्या रोजापेक्षा लहान असतो. सोलापुरात डिसेंबर आणि जूनच्या रोजात सुमारे दोन तासांचा फरक पडतो, आणि मार्च त्यांच्या मधोमध येतो.

परीक्षा संपली, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ईद झाली, आणि सुट्टी लागली. त्या सुट्टीत फुफीचे लग्न झाले. वय सोळा. स्थळ चांगले होते, दादांच्या मागे देणी होती, आणि त्या काळी दहावीनंतरची सुट्टी म्हणजे मुलीच्या लग्नाचा मोसम असेच धरले जाई. मुलीच्या लग्नाचे कायदेशीर वय तेव्हाही अठराच होते. पण गल्लीत कोणी ते विचारले नाही. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा फुफी सासरी होती. पहिला वर्ग मिळाला होता. गुणपत्रिका आणायला माझे अब्बा गेले. आणल्यावर ती सासरी न पाठवता त्यांनी दादीच्या हवाली केली आणि दादीने ती पत्र्याच्या ट्रंकेत, रेशनकार्डाखाली ठेवली. घरात यावर कोणी काही बोलल्याचे मला आठवत नाही. पण दादी पुढे प्रत्येक नातीच्या वेळी दखनीत एवढेच म्हणे, "नतीजा आने दो, बाद में बात करो." निकाल येऊ द्या, मग बोला.

बारा-तेरा वर्षांनी फुफीच्या यजमानांचे यंत्रमागाचे काम सुटले. तेव्हा अंगणवाडी सेविकेच्या जागेसाठी दहावी उत्तीर्ण असल्याचा कागद हवा होता. ट्रंक उघडली. कागद घडीवर पिवळा पडला होता, पण अक्षर स्वच्छ होते. त्या कागदावर फुफीचे घर आजतागायत चालले आहे. तिची थोरली मुलगी बी.एस्सी. झाली. या भाषणासाठी मी फुफीला त्या रमजानविषयी विचारले. लग्नातले तिला फारसे आठवत नाही. बीजगणिताच्या पेपराला दादी शाळेच्या फाटकापर्यंत आली होती आणि संध्याकाळसाठी पदराच्या गाठीत तीन खजूर बांधून उभी होती, हे आठवते. अकरावीला कोणता विषय घेतला असता, असे मी विचारले. ती लगेच म्हणाली, "गणित." तेहतीस वर्षांनंतर उत्तर द्यायला तिला क्षणही लागला नाही.

पालकहो, १९९३मध्ये निकाल जूनमध्ये लागला होता. २०२५ साली तो १३ मेला लागला आणि अकरावीचे प्रवेशही त्या वर्षापासून राज्यभर ऑनलाइन पद्धतीने झाले. अर्ज भरण्याच्या तारखा सुट्टीतच येतात. ईदनंतरच्या या सुट्टीत हॉल धरायला, पाहुणे बोलवायला, मुलाला कारखान्यावर आणि मुलीला स्वयंपाकघरात लावायला घरात घाई असते, हे मी दरवर्षी पाहतो. जूनमध्ये हजेरीपट घेऊन बसलो की कोणती नावे पुढच्या वर्गात गेली नाहीत ते मला कळते. त्यांत मुलांचीही नावे असतात, पण मुलींची अधिक असतात. अर्ज भरायला अडचण असेल तर माझ्याकडे या. शाळेच्या कार्यालयात मी सुट्टीतही सकाळी असतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक गृहपाठ देतो. घरी दादी किंवा नानी असेल तर तिला विचारा, तिचा पहिला रोजा कोणत्या ऋतूतला? आंबे होते, हुरडा होता, की पाऊस? वय किती होते? मग बत्तीस-तेहतीसच्या फेऱ्याने मागे मोजा आणि तिच्या जन्माचे साल काढून वहीत लिहा. पुढचे मोजायचे असेल तर २०३३ साल घ्या. त्या वर्षी जानेवारीत एक आणि डिसेंबरात एक अशा दोन रमजान ईद पुन्हा येतील. आज दहावीत असलेली मुले तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची असतील. त्या वर्षी आपण कोणत्या वर्गात किंवा कोणत्या कामावर असू, तेही त्याच पानावर लिहा आणि वह्या सोमवारी माझ्याकडे द्या.