लग्नाची कागदोपत्रीं साक्ष



आपल्याकडे लग्नाला साक्षीदारांची वाण कधींच पडत नाहीं. देव, ब्राह्मण आणि अग्नि तर असतातच. शिवाय मांडवांत जमलेले शेंदोनशें आप्तेष्ट अक्षता टाकून साक्षीला उभे राहतात. असें असतांना ‘तुमचें लग्न झालें हें कशावरून?’ असें कोणीं विचारलें, तर घरांतलीं वडील माणसें त्याला हसतील, नाहीं तर त्याच्यावर रागावतील. पण ज्या मुलीचा पति अमेरिकेचा नागरिक आहे आणि जिला त्याच्यापाशीं राहावयास जावयाचें आहे, तिला हाच प्रश्न परक्या देशाचे अधिकारी विचारतात. तेथें अग्नीला जबानी देतां येत नाहीं; बोलावें लागतें तें कागदांना. ते कागद कसे तयार करावे, याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

अधिकारी असें कां विचारतात, हें आधीं समजून घ्यावें. म्हणजे मनांत राग राहत नाहीं. १९२३ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत हिंदुस्थानी माणसाला तेथील नागरिकत्व मिळूं शकत नाहीं, असा निकाल दिला होता. १९४६ च्या कायद्यानें तें दार किलकिलें झालें, तेंही वर्षाला शंभर माणसांपुरतें. पुढें १९६५ च्या कायद्यानें राष्ट्रवार वांटणीची जुनी पद्धत मोडली. आज तेथील नागरिकाच्या पत्नीला किंवा पतीला वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. कायमच्या रहिवाशाच्या जोडीदाराला मात्र ती आहे. ज्या दाराशीं रांग नाहीं, त्या दारानें खोटीं माणसेंही शिरूं पाहतात. केवळ प्रवेश मिळविण्यासाठीं लावलेल्या लग्नांना आळा घालण्याकरितां १९८६ सालीं तेथें निराळा कायदा करावा लागला. तेव्हां अधिकारी प्रश्न विचारतो तो तुमच्या शीलावर संशय घेऊन नव्हे. त्याच्यापुढें खरें आणि खोटें एकाच वेषांत येऊन उभें राहतें, आणि त्याला निवड करावयाची असते.

कामाचा क्रम थोडक्यांत असा. प्रथम पति तेथील स्थलांतर खात्याकडे आय-१३० हा अर्ज करतो. त्यांत दोन गोष्टी सिद्ध करावयाच्या असतात: लग्न कायदेशीर झालें, ही एक; आणि तें संसार करण्यासाठींच झालें, ही दुसरी. तो मंजूर झाला म्हणजे प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातें. तेथें पत्नी डीएस-२६० हा अर्ज भरते, आणि पति आय-८६४ या हमीपत्रानें तिच्या पोषणाचा भार उचलतो. त्याचें उत्पन्न सामान्यतः तेथील सरकारनें ठरविलेल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के तरी असावें लागतें. कमी पडल्यास दुसरा जामीन देतां येतो. शेवटीं नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी होते, आणि मुंबईस बांद्रा-कुर्ला संकुलांतील अमेरिकन वकिलातींत मुलाखत.

पहिली गोष्ट सिद्ध होते ती नोंदणीच्या दाखल्यानें. लग्नपत्रिका कितीही सुंदर असली, तरी ती दाखल्याची जागा घेऊं शकत नाहीं. महाराष्ट्रांत १९९८ च्या कायद्याप्रमाणें लग्नानंतर ९० दिवसांच्या आंत नोंदणी करावयाची असते. पुष्कळ घरीं मुलगा परत जाण्याच्या गडबडींत हें काम मागें पडतें. तसें होऊं देऊं नये. दोघांपैकीं कोणाचें पूर्वीं लग्न झालें असल्यास घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडावा. जन्माची नोंद नसेल, तर नोंद सांपडत नाहीं असा निबंधकाचा दाखला घ्यावा, आणि त्यासोबत शाळा सोडल्याचा दाखला व वडील मंडळींचीं प्रतिज्ञापत्रें द्यावीं. पोलीस दाखला पासपोर्ट कचेरींतून मिळतो. मराठी कागदाबरोबर पूर्ण इंग्रजी भाषांतर हवें, आणि तें बिनचूक असून आपणांस दोन्ही भाषा येतात, असें भाषांतर करणारानें खालीं लिहून सही करावी.

आतां दुसरी गोष्ट. ती आमच्याच घरच्या अनुभवावरून सांगतों.

माझ्या भाचीचें लग्न साताऱ्यास झालें. गृहप्रवेशानंतर ताटांत तांदूळ पसरून जांवईबापूंनीं सोन्याच्या अंगठीनें तिचें नवें नांव लिहिलें. पेढे वाटले गेले, सगळ्यांनीं कौतुक केलें. मग खरी मौज सुरू झाली! पासपोर्टावर आणि लग्नाच्या दाखल्यावर ती माहेरच्या नांवानें होती, मध्यें वडिलांचें नांव. बँकेच्या खात्यावर नवें नांव, मध्यें पतीचें, पुढें सासरचें आडनांव. विम्याच्या कागदावर जुनें नांव आणि नवें आडनांव. अर्जांत ‘आजवर वापरलेलीं इतर नांवें’ असा एक रकाना असतो. तो कोराच राहिला. अर्ज पाठविण्यापूर्वीं तो वाचून पाहण्याचें काम माझ्याकडे होतें, म्हणून तो दोष माझा. आठ महिन्यांनीं पत्र आलें कीं, पुरावा अपुरा आहे, आणखी पाठवा. एका पुरुषाच्या कागदपत्रांत त्यांना तीन निरनिराळ्या बायका दिसत होत्या!

घरांत रडारड झाली. तेव्हां एका हितचिंतकानें सल्ला दिला कीं, मागच्या तारखा घालून दोनचार पत्रें लिहून टाका. लग्नापूर्वींची ओळख दिसेल, प्रकरण बळकट होईल. खरें सांगतों, क्षणभर मलाही तें पटलें. पण भाची म्हणाली, “मामा, लग्नाआधीं मी त्यांना दोनदांच भेटलें. विचारलें तर मी तेंच सांगणार.” एका वाक्यांत तिनें आम्हां वडील माणसांना जाग्यावर आणलें. पुढें मला कळलें कीं, जाणूनबुजून खोटी माहिती देणाराला त्या देशाचें दार बहुधा जन्माचें बंद होतें, आणि लग्नच बनावट ठरलें तर पुढचा खरा अर्जही नामंजूर होतो. गाळलेला रकाना भरून काढतां येतो. खोटें पत्र परत घेतां येत नाहीं.

मग आम्हीं खरेंच नीट मांडावयास बसलों. तिन्ही नांवें एकाच व्यक्तीचीं आहेत असें प्रतिज्ञापत्र केलें, आणि नांवबदल राजपत्रांत प्रसिद्ध करून घेतला. लग्न ठरवून झालें, तर ठरल्याचाच पुरावा दिला: दोन्ही घरांमधलीं पत्रें, मुलीची माहिती लिहिलेला कागद, साखरपुड्याचें छायाचित्र, कार्यालयाची पावती. जांवई पुढें दोनदां भेटीला आले, त्यांचीं तिकिटें आणि पासपोर्टावरचे शिक्के जोडले. व्हॉट्सॲपवरच्या दोन वर्षांच्या संभाषणांतून दर महिन्याचीं एकदोन पानें घेतलीं, सगळें बाड नव्हे. छायाचित्रेंही एकाच दिवसाचीं शंभर न देता निरनिराळ्या प्रसंगांचीं वीस दिलीं, आणि प्रत्येकामागें तारीख, स्थळ व माणसांचीं नांवें लिहिलीं.

त्या छायाचित्रांत तांदळाच्या ताटाचेंही एक होतें. भाचीनेंच तें घातलें. मला तें निरुपयोगी वाटलें होतें. मुलाखतींत बाईंनीं नांवाविषयीं विचारलें, तेव्हां तिनें तेंच पुढें केलें: तांदळांत उमटलेलीं अक्षरें, वर पतीचा हात, बोटांत अंगठी, आणि मागें हंसणारी सासू. अधिकारी बाईंनीं तें बराच वेळ पाहिलें, आणि पुढचा प्रश्न विचारला तो सासूच्या प्रकृतीविषयीं. कांहीं दिवसांनीं व्हिसा आला. तो हातीं येईपर्यंत तिनें नोकरी सोडली नव्हती कीं तिकीट काढलें नव्हतें, हेंही सांगून ठेवतों.

पण काम तेथें संपत नाहीं. त्या देशांत पाऊल ठेवतांना लग्नाला दोन वर्षें पुरीं झालेलीं नसतील, तर राहण्याचा परवाना दोन वर्षांपुरता आणि सशर्त मिळतो. त्याची मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत दोघांनीं मिळून पुन्हां अर्ज करावयाचा असतो. म्हणून घरभाड्याचा करार, सामाईक खातें, विजेचें बिल, हीं सारीं दोघांच्या नांवें असूं द्यावीं व जपून ठेवावीं.

माझी विनंती एवढीच आहे. ज्या घरांत असें लग्न ठरलें असेल, तेथें मांडव उतरण्यापूर्वीं एक पेटी निराळी काढावी. दाखले, पावत्या, पत्रें तींत ठेवावीं, आणि मुलीचें नांव सर्वत्र एकसारखें कसें राहील हें पाहावें. त्या पेटींत जें नाहीं तें बनवूं नये, आणि जें आहे तें लपवूं नये. आपल्या मुली सत्य सांगण्यास तयार असतात. वडील माणसांनीं त्यांच्या आड येऊं नये.