अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे पोट : आजार किती बळावेल?



अपुऱ्या दिवसांचे बाळ दोन आठवडे तगले, नळीने दिलेले दूध पचवू लागले, की घरची माणसे हुश्श करतात. पुष्कळदा नेमक्या त्याच सुमारास हा आजार गाठतो. पोट फुगते, उलटी हिरवी होते, शौचातून रक्त जाते. नाव लांबलचक आहे, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. आम्ही कक्षात नुसते 'नेक' म्हणतो. यात आतड्याला सूज येऊन त्याचा काही भाग मरू लागतो.

पालक पहिल्यांदा विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन लागेल का?" आमच्याजवळ सरळ उत्तर नसते. १९७८ साली बेल व सहकाऱ्यांनी संशयित, निश्चित आणि गंभीर अशा तीन पायऱ्या ठरवल्या. १९८६ मध्ये वॉल्श व क्लीगमन यांनी त्यांत सुधारणा केली. विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की पायरी आजार कुठवर आला ते सांगते, पुढे कुठवर जाईल ते नाही. एक्स-रेमध्ये आतड्याच्या भिंतीत हवा दिसली की निदान पक्के होते. तरीही अशी कित्येक बाळे दूध थांबवून, शिरेतून पोषण व प्रतिजैविके देऊन शस्त्रक्रियेवाचून बरी होतात.

मग अंदाज कशावरून बांधायचा? प्लेटलेट्स उतरत आहेत, रक्तातील आम्लता वाढते आहे, सोडियम घटते आहे, आणि हे सारे काही तासांत घडते आहे, असे दिसले की आम्ही शल्यविशारदांना आधीच बोलावून ठेवतो. सकाळचा एकटा आकडा फारसे काही सांगत नाही. दुपारचा आणि रात्रीचा शेजारी मांडावा लागतो. म्हणून तक्ता भरणाऱ्या सिस्टर "बाळ आज सुस्त वाटतंय" म्हणाल्या, तर आम्ही हातचे काम टाकून जातो. पोटात मोकळी हवा दिसली म्हणजे आतडे फुटलेच. मग अंदाजाला जागा उरत नाही.

आजार होऊ नये यासाठी मात्र घरच्यांना करण्यासारखे आहे. १९९० साली ल्युकस व कोल यांनी ब्रिटनमधील ९२६ बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फक्त डब्याच्या दुधावरच्या बाळांत हा आजार, केवळ मानवी दुधावरच्या बाळांपेक्षा सहा ते दहा पट आढळला. आपल्या मुंबईत शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी उभारली होती. पहिल्या दिवशी आईला चार थेंबच येतात, आणि ती संकोचाने ते टाकून देते. ते टाकू नका, वाटीतून आमच्याकडे आणून द्या.