न दिसणारी अक्षरे
(कुंभकोणम् येथे दिलेल्या एका व्याख्यानाचा मजकूर)



कावेरीकाठच्या या नगरीत मराठी बोलणे परके वाटत नाही. तंजावरचे मराठा राज्य १८५५ साली लयास गेले. परंतु त्या राज्याबरोबर दक्षिणेत आलेली घराणी येथेच स्थिरावली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी, अशाच एका मराठी घराण्यात झाला. म्हणून माझ्या विषयाचा आरंभ मी या गावाच्या नावापासूनच करतो.

‘कुंभकोणम्’ हे नाव शेवटच्या ‘म’चा पाय मोडून लिहितात. त्यापुढे ‘मध्ये’ जोडले की संगणक दोन्ही ‘म’ एकत्र करून जोडाक्षर बनवितो. पाय मोडलेला ‘म’ तसाच ठेवून ‘कुंभकोणम्‌मध्ये’ असे लिहावयाचे असल्यास मध्ये एक चिन्ह घालावे लागते. हे चिन्ह कागदावर उमटत नाही, जागाही व्यापत नाही. शेजारच्या दोन अक्षरांना जुळू न देणे एवढेच त्याचे काम. आता ग्रंथसूची करणाऱ्याने ते घातले आणि शोध घेणाऱ्याने घातले नाही, तर केवळ संकेत ताडून पाहणारा संगणक ‘असा शब्द नाही’ असे सांगतो. ग्रंथ कपाटात असूनही वाचकास मिळत नाही. या लहानशा चिन्हाचे मोल एवढे मोठे आहे.

अशा अदृश्य चिन्हांचे मूळ दूरमुद्रकात आहे. १९६३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि १९६७ साली सुधारलेल्या ‘आस्की’ संकेतावलीत १२८ स्थाने आहेत. त्यांपैकी ३३ स्थाने अक्षरांना नव्हे, तर यंत्राला द्यावयाच्या आज्ञांना दिलेली आहेत. क्रमांक ७ घंटा वाजवितो. १३ मुद्रणाची गाडी ओळीच्या आरंभी आणतो. १० कागद एक ओळ पुढे सरकवितो. १२७ म्हणजे कागदी फितीवरील सातही छिद्रे पाडून चुकलेले अक्षर खोडून टाकणे.

१९६९ साली बेल प्रयोगशाळेत ‘युनिक्स’ प्रणालीचा जन्म झाला. तिने ओळीच्या अखेरीस केवळ १० हा संकेत मानला. ‘डॉस’ आणि पुढे ‘विंडोज’ या प्रणालींनी १३ व १० ही जोडी ठेवली. त्यामुळे तिकडची फाइल इकडे आली की प्रत्येक ओळीच्या टोकाशी एक अनाहूत पाहुणा चिकटून येतो. आज्ञावलीच्या पहिल्या ओळीत ती चालविणाऱ्या कार्यक्रमाचे नाव असते. युनिक्स त्या १३ला नावाचाच भाग समजते आणि असा कार्यक्रम सापडत नाही, असे कळविते. वाचणाऱ्यास मात्र नाव निर्दोष दिसते.

मग शोध कसा घ्यावा? ‘कॅट’ या आज्ञेस ‘व्ही’ हा पर्याय दिला असता १३च्या जागी टोपीचे चिन्ह व ‘एम’ हे अक्षर दिसते. मराठी मजकुरासाठी ‘ओडी’ ही आज्ञा अधिक उपयोगी. ती प्रत्येक बाइटचा अंक मांडून दाखविते. १३ काढून टाकण्यास ‘टीआर’ ही आज्ञा पुरेशी आहे.

परंतु येथेच सावध व्हावयास हवे. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह तीन बाइटांचे असते : अष्टमान पद्धतीने ३४२, २००, २१५. ‘टीआर’ सामान्यतः सुटे बाइट पाहते. तिला हे तीन अंक काढावयास सांगितले, तर ती ते सर्वत्र काढील. आणि मराठीतील पाय मोडण्याच्या चिन्हाचा शेवटचा बाइट २१५च आहे, तर दीर्घ वेलांटीचा २०० आहे. सारे पान विस्कटून जाईल! येथे ‘सेड’ या आज्ञेने तिन्ही बाइटांची अखंड मालिकाच शोधावी.

तेवढ्यानेही काम संपत नाही. डोंगरातील ‘दर्‍या’ लिहिताना अनेकांनी हेच जोडचिन्ह वापरलेले असते. ते सरसकट काढले की डोंगरातील दरीचा समुद्र होतो, ‘दर्या’ होतो. ‘आचार्‍यांना’ दिलेली दक्षिणा ‘आचार्यांना’ पोहोचते! म्हणून प्रथम मूळ फाइलची प्रत राखावी. अदृश्य चिन्हे कोठे व किती आहेत ते पाहावे. अशा ठिकाणी ‘र’ व जोडचिन्ह यांऐवजी युनिकोडमधील स्वतंत्र ‘ऱ’ योजावा. आणि त्यानंतरच उरलेल्यांचा निर्णय करावा. शोध घेताना ही चिन्हे दुर्लक्षावी, पण जतन केलेल्या मजकुरात ती सार्थ असतील तर राखावी.

कावेरीच्या खोऱ्यातील गृहिणीस हे निराळे सांगावयास नको. तांदूळ निवडताना ती खडा वेचून टाकते. पण खड्यासारखा दिसतो म्हणून दाणा टाकीत नाही. जे दिसत नाही ते सारेच केर नव्हे. त्यातील काही यंत्राचे अवशेष आहेत, तर काही आपल्या भाषेचे घटक आहेत. हा विवेक संगणक आपल्यासाठी करणार नाही. तो भाषा जाणणाऱ्यानेच करावयाचा आहे.