निद्रेंतील अपस्मार

अपस्मार हा फार पुरातन व्याधि. चरकसंहितेंत त्याच्या निदानाला आणि चिकित्सेला स्वतंत्र अध्याय आहेत. तरीहि फीट आली कीं कांदा वा वहाण हुंगविणें, मुठींत किल्ली देणें, अंगारा लावणें हे प्रकार आपल्या घरांतून अद्यापि सुटलेले नाहींत. दिवसा आलेली फीट निदान चार माणसें पाहतात. रात्रीच्या फीटला बहुधा साक्षीदार नसतो, आणि खरी अडचण तेथेंच आहे.

समजा, वसईंतील होळी येथें राहणारा एक गृहस्थ आहे. औषधाच्या बळावर कित्येक वर्षें त्याला झटका आलेला नाहीं. एके दिवशीं तो उठतो तों उशीवर रक्ताचा डाग, जीभ कडेला चावलेली, अंग ठेचल्यासारखें दुखत असलेलें, डोकें जड आणि अंथरूण ओलें. आठवत कांहींच नाहीं. लाजेनें तो तें कोणास सांगत नाहीं. परंतु हीं चिन्हें एकत्र दिसलीं म्हणजे झोपेंत झटका येऊन गेल्याचा संशय घेतलाच पाहिजे.

उलटपक्षीं, रात्रीची प्रत्येक हालचाल म्हणजे अपस्मार नव्हे. डोळा लागतां लागतां अंग दचकणें हें निरोगी माणसांतहि घडतें. लहान मूल रात्रीच्या पूर्वार्धांत किंचाळून उठतें आणि सकाळीं त्याला कांहीं आठवत नाहीं. तें बहुधा निद्राभय असतें. एखादा वृद्ध गृहस्थ उत्तररात्रीं स्वप्नांत लाथा झाडतो आणि जागा झाल्यावर तें स्वप्न सांगतो. तो विकार निराळा. मेंदूच्या पुढील भागांतून उठणारे झटके मात्र बहुधा दोन मिनिटांच्या आंत संपतात, एका रात्रींत अनेकदां येऊं शकतात, आणि दर खेपेस त्यांचें रूप जवळजवळ तेंच असतें. हा सारखेपणा हीच त्यांची मुख्य खूण.

म्हणून घरच्या माणसांनीं गोंधळून न जातां घड्याळ पाहावें, मोबाइलवर चित्रण करावें आणि वहींत नोंद ठेवावी. हान्स बर्गर या जर्मन वैद्यानें १९२४ सालीं मानवी मेंदूचा विद्युत्-आलेख प्रथम टिपला. पण दिवसा थोडा वेळ घेतलेला आलेख निर्दोष आला म्हणून रोग नाहीं असें ठरत नाहीं. कधीं झोपेंतील आलेख चित्रणासह घ्यावा लागतो.

झटका चालू असतां रोग्याचे हातपाय दाबून धरूं नयेत, तोंडांत कांहींहि घालूं नये. शक्य होतांच त्यास कुशीवर वळवावें. पांच मिनिटांत झटका थांबला नाहीं तर तत्काळ रुग्णालय गांठावें. औषध आपल्या मनानें बंद करणें तर घातकच. विरारहून सुटणारी पहाटेची लोकल गांठण्यासाठीं रोज झोप तोडणें, सणासुदीचें जागरण, मद्यपान यांनींहि झटका ओढवूं शकतो. अशा माणसानें विहिरींत वा बावखलांत एकट्यानें उतरूं नये.

लपविण्याचें एक मोठें कारण होतें तें विवाहाचें. हिंदु विवाह कायद्यांतील अपस्माराचा अडसर १९९९ च्या दुरुस्तीनें दूर झाला. मनांतील अडसर अजून दूर व्हावयाचा आहे. ताब्यांत न आलेल्या रात्रीच्या मोठ्या झटक्यांनीं क्वचित् प्राणहि जातात. तेव्हां रक्ताचा डाग पडलेला उशीचा अभ्रा धुवून टाकून कोणी गप्प बसूं नये. ती हकीकत आधीं डॉक्टरांच्या कानीं घालावी.