चाकाचा एक फेरा



चाक आपल्या रोजच्या ओळखीचं. पण एका फेऱ्यात ते किती जमीन चालतं, असं कुणी विचारलं, तर आपण क्षणभर थांबतो. हा हिशेब शाळेतल्या पाटीवरचा आहे, आणि तो चुकला तर शेतात पेरलेलं बी कमी-जास्त पडतं.

प्रथम एक साधा प्रयोग करून पाहा. सायकलच्या टायरला एके ठिकाणी चुन्याची खूण करा आणि सायकल सरळ रेषेत ढकला. जमिनीवर चुन्याचे ठिपके उमटतील. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे चाकाचा परीघ. आता चाकाची आरपार रुंदी, म्हणजे व्यास, मोजा. परीघ व्यासाच्या तिपटीहून थोडा जास्त भरेल. चाक बैलगाडीचं घ्या की रहाटाचं, हे प्रमाण बदलत नाही. भास्कराचार्यांनी सन ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त व्यवहारासाठी २२/७ आणि सूक्ष्म गणितासाठी ३९२७/१२५० असं ते सांगून ठेवलं आहे.

लोहाराला हे हातानंच ठाऊक असतं. लाकडी चाकावरची लोखंडी धाव तो किंचित आखूड ठेवतो, तापवून फुगवतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. धाव आवळून बसते. तीच धाव तीन बोटं लांब झाली, तर व्यासात जवळजवळ बोटभर सैल होते, आणि मग ती निसटलीच म्हणून समजा!

आता टायरवरचे आकडे पाहू. आपल्या जुन्या मोठ्या सायकलीच्या टायरवर २८ × १½ असं असतं. इथं २८ इंच हा ढोबळमानानं बाहेरचा व्यास. त्याला २२/७ नं गुणा. ८८ इंच येतात, म्हणजे सात फूट चार इंच. जुन्या एका मैलात बरोबर ७२० फेरे, आणि किलोमीटरला सुमारे ४४७.

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर १३.६-२८ असं दिसतं. इथंही २८च, पण म्हणून तो सायकलीएवढा का? छे! इथं १३.६ इंच ही टायरची रुंदी, आणि २८ इंच हा आतल्या लोखंडी रिंगचा व्यास. बाहेरून तो ५० इंचांच्या वर भरतो. तेव्हा दुकानात नुसतं ‘अठ्ठावीसचा द्या’ म्हणू नका. जुन्या टायरवरचा सबंध आकडा कागदावर उतरवून न्या.

मोटारीच्या टायरवर १६५/८० आर १४ असेल, तर रुंदी १६५ मिलिमीटर, टायरची उंची तिच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिंग १४ इंचांची. उंची वर-खाली दोनदा धरायची, बरं का. बाहेरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पुष्कळ पेरणी यंत्रांत बी सोडणारा भाग जमिनीवरच्या चाकानं फिरतो. समजा, ते चाक ३५ सेंटिमीटर व्यासाचं आहे. एका फेऱ्यात ते ११० सेंटिमीटर चालतं. ते मोडलं आणि हाताशी होतं म्हणून ४२ सेंटिमीटरचं बसवलं. आता एका फेऱ्यात १३२ सेंटिमीटर. बी तेवढंच, जमीन मात्र जास्त! एकरी ३० किलो सोयाबीन पडायचं, तिथं २५ किलोच पडेल. रान विरळ उगवल्यावर आपण बियाण्याला दोष देतो. चाकाकडे कुणी पाहत नाही.

आणखी एक. परभणीच्या काळ्या जमिनीत ओल जास्त असली, की चाक फिरण्याऐवजी घसरतं, आणि तेवढं बी कमी पडतं. म्हणून पेरणीआधी रानातच दहा फेऱ्यांचं अंतर टेपनं मोजा, पडलेलं बी पिशवीत धरून तोला, आणि एकरी हिशेब करा.

गुरुजी, हा हिशेब मुलांकडून बांधावरच करवून घ्या. शिवाराला उपयोग होईल, आणि २२/७ मुलांच्या कायमचं ध्यानात राहील.