टकरीचा जमाखर्च

गोट्यांच्या खेळात एक नेम असा असतो की तो साधला म्हणजे भोवतालच्या मुलांत एकच ओरडा होतो. बोटाने ताणून हवेतून मारलेली गोटी दुसऱ्या गोटीवर अगदी समोरून बसते. मारलेली गोटी जागच्या जागी थबकते आणि आतापर्यंत स्वस्थ पडलेली गोटी, पहिलीचा वेग उसना घ्यावा तशी, पुढे धावत सुटते. हा चमत्कार मुले पिढ्यान् पिढ्या पाहत आली आहेत. त्याचा हिशेब मात्र युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांनाही सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत लागलेला नव्हता.

एका गोटीकडून दुसरीकडे नेमके काय गेले, असे विचारले तर सहज उत्तर येईल, वेग गेला. दोन्ही गोट्या सारख्या वजनाच्या आहेत तोवर हे उत्तर खपून जाते. कॅरमच्या पटावर ते लगेच फसते. तेथे स्ट्रायकर असतो पंधरा ग्रॅमपर्यंत आणि सोंगटी असते सुमारे पाच ग्रॅमची. स्ट्रायकर सेकंदाला चार फुटांच्या वेगाने सोंगटीवर समोरून आदळला, तर सोंगटी सहा फुटांच्या वेगाने सुटते आणि स्ट्रायकर थांबत नाही. तोही दोन फुटांच्या वेगाने तिच्या मागोमाग जातो. (म्हणूनच सरळ मारलेल्या सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकरही भोकात जातो आणि खेळणाऱ्याला दंड पडतो.) पटाचे घर्षण आणि लाकडाचा मऊपणा यांमुळे प्रत्यक्षात हे आकडे थोडे खाली येतील, ती गोष्ट वेगळी. पण टकरीपूर्वी एकंदर वेग होता चार, आणि टकरीनंतर तो झाला सहा आणि दोन मिळून आठ. तेव्हा वेगाचा हिशेब जुळत नाही. प्रत्येक वेगाला त्या त्या वस्तूच्या वस्तुमानाने गुणून पाहिले की मात्र चित्र पालटते. आधी पंधरा गुणिले चार, म्हणजे साठ. नंतर पंधरा गुणिले दोन तीस, आणि पाच गुणिले सहा तीस, पुन्हा साठच. वस्तुमान आणि वेग यांच्या या गुणाकाराला पदार्थविज्ञानात संवेग असे नाव आहे. टकरीत देवघेव होते ती या संवेगाची, आणि त्या देवघेवीत एक कवडीही हरवत नाही.

ही देवघेव घडवून आणते ते बल, आणि बलाला आपले काम करण्यास वेळ लागतो. बल आणि ते जितका काळ लागू राहिले तो काळ यांच्या गुणाकाराला आवेग म्हणतात. आवेग जितका, तितकाच संवेगात बदल. क्रिकेटमध्ये झेल घेणारा खेळाडू चेंडू हातात येताच हात मागे नेतो, तो या गुणाकाराच्याच आधारावर. सुमारे १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला ३० मीटर वेगाने आला आणि ताठ धरलेल्या हातांत सेकंदाच्या शंभराव्या भागात थांबला, तर तेवढ्या क्षणापुरता तळहातावर जवळजवळ पन्नास किलोंचा भार पडतो. हात मागे नेऊन तोच चेंडू सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवला, तर भार पाच किलोंवर येतो. संवेग दोन्ही वेळी तितकाच गेला. पैसे तेवढेच फेडायचे. एकदम फेडले तर हात पोळतो, हप्त्याने फेडले तर झेल टिकतो.

आज शाळकरी वाटणारा हा हिशेब ज्याला साधला नाही तो माणूस सामान्य नव्हता. फ्रान्सचा तत्त्वज्ञ रने देकार्त याने १६४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात टकरीचे सात नियम घालून दिले. विश्वातील गतीचे एकंदर प्रमाण कायम राहते, हे त्याचे मूळ सूत्र, आणि वस्तूचा आकार गुणिले तिच्या गतीचा जोर हे त्याचे माप. कल्पना भव्य होती आणि सत्याच्या फार जवळ होती. तथापि तिच्यात एक उणीव राहिली, ती म्हणजे दिशेची. वस्तू पूर्वेकडे जात आहे की पश्चिमेकडे, याचा त्याच्या जमाखर्चात विचारच नव्हता. सारख्या वजनाचे ओल्या मातीचे दोन गोळे समोरासमोर सारख्या वेगाने फेकले तर ते एकमेकांना चिकटून जागच्या जागी पडतात. देकार्तच्या मापाने मोजले तर गती दोन हिस्से होती आणि शून्य झाली. कोठे गेली? एका दिशेला धन आणि उलट दिशेला ऋण असे चिन्ह देताच उत्तर मिळते: एकंदर संवेग आधीही शून्य होता आणि नंतरही शून्यच राहिला.

त्याचा चौथा नियम तर अधिकच विलक्षण होता. लहान वस्तू कितीही वेगाने येऊन मोठ्या स्थिर वस्तूवर आदळली तरी मोठी वस्तू जराही हलणार नाही, असे तो सांगतो. पटावर स्ट्रायकर ठेवून त्यावर सोंगटी मारली तर स्ट्रायकर सरकतो, हे कोणतेही पोर दाखवून देईल. अनुभव आड येतो हे देकार्तलाही ठाऊक होते. भोवतालचे पदार्थ गतीत ढवळाढवळ करतात म्हणून नियम जसाच्या तसा दृष्टीस पडत नाही, अशी त्याने सोय लावून ठेवली. बुद्धिमान माणसाची चूक सामान्य माणसाच्या चुकीपेक्षा अधिक काळ टिकते, कारण तिच्याभोवती तट बांधलेला असतो.

हा तट फोडला हॉलंडच्या क्रिस्तियान हायगेन्सने. त्याचे वडील देकार्तचे स्नेही. घरात त्या नावाला केवढा मान! तरीही विशीच्या प्रारंभीच या तरुणाला टकरीच्या नियमांविषयी संशय आला आणि १६५६ पर्यंत त्याने आपला ग्रंथ सिद्ध केला. त्यात त्याने मांडलेली युक्ती हॉलंडच्या कालव्यांनाच सुचावी अशी आहे. कालव्यातून एक नाव संथपणे, एकसारख्या वेगाने चालली आहे. नावेतील माणसाने दोन हातांत दोऱ्यांना टांगलेले दोन सारखे, कठीण गोळे धरले आहेत. तो ते सेकंदाला तीन फुटांच्या वेगाने एकमेकांवर आणतो. सारखे गोळे, सारखा वेग. तेव्हा ते सारख्याच वेगाने मागे उसळणार, एवढेच हायगेन्स गृहीत धरतो. आता नावेचाही वेग सेकंदाला तीनच फूट आहे असे समजावे आणि तीच टक्कर काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पाहावी. नावेच्या उलट दिशेने आलेला गोळा त्याला स्थिर दिसतो. नावेच्या दिशेने आलेला सहा फुटांच्या वेगाने येताना दिसतो. टकरीनंतर पहिला सहाने निघून जातो आणि दुसरा उभा राहतो. गोटीचा नेम तो हाच! टक्कर एकच आणि पाहणारे दोन. नियम खरा असेल तर तो दोघांनाही मान्य झाला पाहिजे. एकही गोळा प्रत्यक्ष न आपटता, नुसत्या विचाराने हायगेन्सने गोट्यांचे रहस्य उलगडले.

ग्रंथ मात्र त्याने पेटीत ठेवला. तो छापला गेला १७०३ साली, त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी. मध्यंतरी १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने हा प्रश्न विद्वानांपुढे ठेवला. जॉन वॉलिसने चिकटून राहणाऱ्या वस्तूंचा नियम दिला. वास्तुशिल्पी म्हणून कीर्ती पावलेल्या क्रिस्टोफर रेनने आणि हायगेन्सने उसळणाऱ्या वस्तूंचा दिला, आणि या दोघांची उत्तरे एकच निघाली. सोसायटीने आपल्या पत्रिकेत वॉलिस आणि रेन यांचे निबंध आधी छापले, हायगेन्सचा मागे ठेवला. त्याने रुष्ट होऊन आपले नियम १६६९ मध्ये फ्रान्सच्या पत्रिकेत प्रसिद्ध केले. त्यात दिशेसह मोजलेल्या संवेगाबरोबर आणखी एक सिद्धांत होता: कठीण वस्तूंच्या टकरीत वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, या राशीचीही बेरीज कायम राहते. तिच्याच अर्ध्या भागाला पुढे गतिज ऊर्जा हे नाव मिळाले. स्ट्रायकरच्या उदाहरणात साठ ही बेरीज दुसऱ्या अनेक आकड्यांनीही साधता येते. सहा आणि दोन हीच जोडी का, याचे उत्तर या दुसऱ्या खात्यात आहे.

मात्र दोन खात्यांत मोठा भेद आहे. न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आपटून पाहिल्याचे वर्णन दिले आहे. घट्ट वळलेल्या लोकरीचे गोळे जवळ येण्याच्या वेगाच्या पाच-नवमांश वेगाने दूर गेले, काचेचे पंधरा-सोळांश वेगाने. म्हणजे गतिज ऊर्जेची तूट प्रत्येक पदार्थात निराळी. संवेगात मात्र तूट आढळली नाही. कारण ऊर्जेला वेषांतराची कला अवगत आहे. टकरीचा टक् असा आवाज होतो, गोळे किंचित तापतात, आणि ती त्या आवाजात आणि उष्णतेत लपते. संवेगाला असे दुसरे रूप नाही. तो दुसऱ्या वस्तूच्या गतीतच सापडला पाहिजे.

या शेवटच्या वाक्यावर केवढा भार पडू शकतो, हे १९३२ साली दिसून आले. बोटे आणि बेकर या जर्मन शास्त्रज्ञांना १९३० मध्ये असे आढळले होते की बेरिलियम धातूवर अल्फा कणांचा मारा केला असता त्यातून शिशालाही भेदून जाणारे एक प्रारण बाहेर पडते. ते गॅमा किरण असावेत, असा तर्क झाला. जानेवारी १९३२ मध्ये पॅरिसला इरेन क्यूरी आणि फ्रेदेरिक जोलिओ या दांपत्याने त्या प्रारणाच्या वाटेत पॅराफिन मेण ठेवले, तेव्हा मेणातील हायड्रोजनची अणुकेंद्रे, म्हणजे प्रोटॉन, विलक्षण वेगाने उडून बाहेर आली. मोजमाप चोख होते. अर्थ लावताना मात्र त्यांनी गॅमा किरणांचाच धागा धरला. प्रकाशाच्या कणाने प्रोटॉनला इतका धक्का द्यायचा, तर त्याच्याजवळ सुमारे ५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा हवी. आणि बेरिलियम व अल्फा कण यांच्या मीलनातून फार तर १४ दशलक्ष मिळू शकत होती. जमेपेक्षा खर्च तिपटीहून अधिक!

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जेम्स चॅडविकने हे वृत्त वाचले. विद्युत्‌भार नसलेला, प्रोटॉनएवढ्या वस्तुमानाचा एखादा कण असावा, असे त्याचे गुरू रदरफर्ड यांनी १९२० मध्येच बोलून दाखवले होते आणि चॅडविक तो अधूनमधून शोधत आला होता. त्याने मेणाबरोबरच इतर पदार्थही त्या प्रारणाच्या वाटेत ठेवून पाहिले. प्रोटॉन सेकंदाला सुमारे ३३,००० किलोमीटर वेगाने सुटत होते. त्यांच्याहून चौदापट जड असलेली नायट्रोजनची अणुकेंद्रे सुमारे ४,७०० किलोमीटर वेगाने. गॅमा किरण धरून नायट्रोजनचा हिशेब केला तर आता ५० नव्हे, ९० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागू लागले. एकाच प्रारणाने प्रत्येक पदार्थापुढे निराळी थैली उघडावी, हे असंभाव्य होते. मार्ग दोनच उरले: टकरीत संवेग आणि ऊर्जा कायम राहतात हा नियम सोडायचा, किंवा आदळणारी वस्तू निराळी मानायची. त्या काळी पहिला मार्ग कोणी वेडेपणाचा मानीत नसे. अणुकेंद्राच्या आत ऊर्जेचा नियम कदाचित चालत नसेल, असे नील्स बोर यांच्यासारखा अधिकारी पुरुषही म्हणत होता.

चॅडविकने हायगेन्सचा जुना हिशेब मांडला. पटावरचा स्ट्रायकर अदृश्य आहे. त्याचे वजनही ठाऊक नाही आणि वेगही नाही. पण त्याने समोरून मारलेल्या दोन निरनिराळ्या वजनांच्या सोंगट्यांचे वेग मोजता येतात. दोन अज्ञाते, दोन मोजमापे. प्रोटॉन आणि नायट्रोजन यांच्या वेगांचे गुणोत्तर अदृश्य कणाच्या वेगावर मुळीच अवलंबून नसते. ते केवळ त्याच्या वस्तुमानावर ठरते. प्रकाशाचे कण असते तर ते तेरा-चौदाच्या घरात आले असते. अल्फा कणाएवढा, म्हणजे प्रोटॉनच्या चौपट जड कण असता तर साडेतीनच्या आसपास. प्रत्यक्षात आले सात. त्यावरून वस्तुमान निघाले प्रोटॉनच्या सुमारे १.१५ पट, आणि मोजमापातील संभाव्य चूक लक्षात घेता ते एकच म्हणायला हरकत नव्हती. १७ फेब्रुवारीला चॅडविकने ‘नेचर’ या नियतकालिकाला पत्र लिहिले. कोणत्याही तराजूत न बसणारा, विद्युत्‌भाराने स्वतःचा मागही न सोडणारा न्यूट्रॉन असा टकरीच्या काट्यावर तोलला गेला. १९३५ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक चॅडविकला मिळाले. त्याच वर्षी क्यूरी-जोलिओ दांपत्याला रसायनशास्त्राचे मिळाले, ते दुसऱ्या शोधाबद्दल. हातची निसटलेली संधी त्यांनी दोन वर्षांत कृत्रिम किरणोत्सर्ग शोधून भरून काढली होती.

न्यूट्रॉन आणि प्रोटॉन यांची वस्तुमाने जवळजवळ सारखी निघाली आणि गोट्यांचा नेम पुन्हा कामास आला. ऑक्टोबर १९३४ मध्ये रोम येथे एन्रिको फर्मी यांना आढळले की न्यूट्रॉन आधी पॅराफिनमधून जाऊ दिले तर चांदीत किरणोत्सर्ग निर्माण करण्याचे त्यांचे सामर्थ्य कित्येक पटींनी वाढते. मेणातील हायड्रोजनवर आदळून आदळून ते मंद होतात, आणि मंद न्यूट्रॉनला अणुकेंद्र अधिक सहज गिळते. सारख्या वजनाच्या वस्तूवर समोरून आदळले तर सगळी गती एका टकरीत जाते; तिरप्या टकरीही धरल्या तर प्रत्येक वेळी सरासरीने अर्धी ऊर्जा जाते. युरेनियमच्या भंजनातून सुटलेला न्यूट्रॉन असा मंद होण्यास हायड्रोजनवर सुमारे १८ टकरी पुरतात. कार्बनवर सुमारे ११५ लागतात. युरेनियमच्या जड केंद्रांवर दोन हजारांहूनही अधिक, कारण भिंतीवर आपटलेली गोटी जवळजवळ तितक्याच वेगाने परत येते.

मुंबईजवळ तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, तेव्हा तिचे इंधन साध्या पाण्याच्या तलावात बुडवलेले होते. ते पाणी इंधन थंड ठेवी, वर काम करणाऱ्यांचे प्रारणापासून रक्षण करी, आणि त्यातील हायड्रोजन न्यूट्रॉनांचा वेग कमी करी. सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगाने निघालेला न्यूट्रॉन त्या पाण्यात, पापणी लवण्याच्या आत, सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटरवर येई आणि दुसऱ्या युरेनियम केंद्राच्या हाती लागे. २००९ साली ती भट्टी थांबवली गेली. तिच्या जागी नव्याने उभारलेली भट्टी सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, आणि तिचेही इंधन साध्या पाण्यातच ठेवलेले आहे.